कुकरची न झालेली शिट्टी

आमच्या हदगाव भागात मुलं लातूरला शिकायला जात नाहीत, त्यांना लातूरला टाकतात. "औंदा पोरीला लातूरला टाकलं," असं सांगताना माणसाचा आवाज जरा जड होतो आणि ऐकणाराही "बरं केलं" म्हणून मान हलवतो. दहावीला मला मार्क चांगले पडले आणि माझी टाकली जायची पाळी आली. माझ्याबरोबर बाबाही टाकले गेले, हे त्यातलं विशेष.

बाकीच्या पोरांबरोबर आया येतात. क्लासच्या मागच्या गल्लीत एक खोली भाड्यानं घ्यायची, गॅस, चार भांडी आणि एक गादी आणायची आणि लेकरू डॉक्टर होईपर्यंत तिथं पोळ्या लाटायच्या, अशी तिथली रीत. पण माझी आई हिमायतनगरकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. तिला एवढी मोठी रजा कोण देणार? शेवटी शेत काकांनी बघायचं ठरलं आणि ज्यांनी जन्मात स्वतःचा चहा केला नव्हता ते बाबा माझी आई होऊन लातूरला निघाले. पारावरच्या लोकांनी विचारलं, "तुम्ही तिथं जाऊन करणार काय?" बाबा म्हणाले, "राखण."

राखण आमच्याकडे पिकाची करतात. रानडुकरं येतात, हरणांचे कळप येतात, म्हणून माणूस शेतात बसतो. बाबांचा राखणीवर भारी विश्वास. पीक नजरेखाली असलं की चांगलं येतं, असं ते मानतात. एखाद्या साली सोयाबीन बसलं तरी ते पावसाला नाही, स्वतःच्या कमी पडलेल्या चकरांना दोष द्यायचे. आता शेत राहिलं हदगावला, त्यामुळे ती सगळी नजर माझ्या पाठीवर आली.

खोली एकच होती. मी भिंतीकडे तोंड करून टेबलाशी आणि बाबा मागे गादीवर मांडी घालून. ते बोलायचे नाहीत, मोबाइल लावायचे नाहीत, खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकून यायचे. फक्त बघायचे. पाठीवर नजर घेऊन कधी गणित सोडवून बघा. 'एक गाडी ताशी' एवढं मी वाचायचे आणि डोक्यात यायचं, बाबा बघतायत. पुन्हा 'एक गाडी ताशी'. बाबा बघतायत. ती गाडी पावसाळाभर तिथंच उभी राहिली.

त्यात गल्लीचा कायदा होता, आवाज करायचा नाही. मिक्सर बंद, टीव्ही कुणाकडे नाहीच, आणि भाजीवाल्याला दुरूनच हातानं गप्प करायचं. या कायद्याच्या फौजदार आमच्या शेजारच्या खोलीतल्या उदगीरच्या काकू. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी त्या दारात आल्या आणि कुजबुजत म्हणाल्या, "भाऊ, इथं कुकरची शिट्टी होऊ देत न्हाईत बरं का. लेकरं अभ्यास करायलेत."

बाबांनी हे फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते कुकरजवळ फडकं घेऊन उभे राहू लागले. आत वाफ धरली, शिट्टी फुसफुसायला लागली, की गॅस बंद. थोडं थांबून पुन्हा चालू, पुन्हा फुसफुस, पुन्हा बंद. आमच्या बोअरचं पाणी आधीच जड, त्यात हा प्रकार. त्यामुळे वरणात तुरीची डाळ वेगळी आणि पाणी वेगळं. दाणा न् दाणा ओळखू यायचा. मी आज नांदेडला दातांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याचं मूळ त्या वरणात असावं अशी मला दाट शंका आहे.

फडक्यानं धरता धरता बोटं भाजून घेतलेल्या बापाला कुठल्या तोंडानं सांगायचं की वरण कच्चं आहे? ते विचारायचे, "कसं झालं?" मी म्हणायचे, "मस्त." मग तेही चावत चावत म्हणायचे, "तुझ्या आईच्या हाताची सर न्हाई, पर जमून राहिलं." असे आम्ही दोघं एकमेकांचं मन राखत डाळ चावत बसायचो.

पण खरं घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच. कुकर फुसफुसायला लागला की माझे कान तिकडे जायचे. आता होईल शिट्टी, आत्ता होईल, असं वाटत पेन हातात तसंच राहायचं. तेवढ्यात बाबा गॅस बंद करायचे आणि शिट्टी व्हायचीच नाही. शिंक यावी यावी आणि येऊ नये, तसं ते होतं. पुढचा तासभर मी त्या न झालेल्या शिट्टीची वाट बघायचे. घरी मी दहावीचा अभ्यास केला तेव्हा अंगणात मळणी यंत्र चालू होतं, आत टीव्ही, आणि काका फोनवर असे बोलायचे की समोरच्याला फोनची गरजच नसावी. मला त्यातलं काहीही ऐकू आलं नव्हतं. आणि इथं मला शांतता ऐकू येत होती, चोवीस तास.

सगळे मला सांगायचे, "अभ्यासात लक्ष दे." क्लासचे सर सांगायचे, आई रोज संध्याकाळी फोनवर सांगायची, रिक्षावालासुद्धा उतरताना सांगायचा. लक्ष म्हणजे जणू खिशातला रुमाल, काढला आणि दिला. माझं म्हणणं होतं की आधी बाबांचं लक्ष माझ्यावरून हटवा, मग माझं कुठं जातं ते बघू. हे कुणाला सांगता येईना म्हणून मीच उद्योगाला लागले.

आधी पेपर लावला. बाबांनी तो निविदा-नोटिसांसकट वाचून काढला आणि त्यातलं 'अभ्यास कसा करावा' हे कात्रण माझ्या टेबलासमोर चिकटवलं. मग मोबाइलवर कुस्त्या लावून दिल्या. ते आवाज बंद करून एका डोळ्यानं कुस्ती बघायचे आणि दुसऱ्या डोळ्यानं मला. मग म्हटलं, देवळात जाऊन बसत जा, मन रमेल. ते गेले आणि लगेच अंगारा घेऊन परत आले. माझ्या कपाळाला लावला आणि गुण येतो का ते बघत समोर उभे राहिले. मी हात टेकले.

रविवारी टेस्ट असायची आणि तिचे मार्क पालकांच्या मोबाइलवर यायचे. मार्क कमी पडले तर बाबा रागवायचे नाहीत, शिरा करायचे. भाऊ, बहीण, बाप, आई सगळं एकाच माणसात असल्यावर तो दुसरं करणार तरी काय? पण मला मार्क कळायचे ते शिऱ्याच्या वासावरूनच. जिना चढताना तुपात रवा भाजल्याचा वास आला की समजायचं, गेली टेस्ट. शिरा मात्र बाबांना वरणापेक्षा खूपच चांगला जमायला लागला, कारण सराव भरपूर झाला.

संक्रांत जवळ आली तेव्हा मी अगदी बेजार झाले होते. असंच चाललं तर मी परीक्षेपर्यंत टिकणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. होस्टेलला जाऊन राहावं आणि बाबांना गावी पाठवावं, असा विचार मी कितीदा केला. पण पाठवायचं कोणत्या तोंडानं? पोरीच्या राखणीला गेलेला बाप पोरीनंच परत लावून दिला, असं पारावर झालं असतं. आणि त्याहून वाईट म्हणजे बाबांनी कुणाला काही उत्तर दिलं नसतं. माझा बाप माझ्यामुळे गप्प बसेल ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. इकडे बाबाही वाळत चालले होते. गावाकडे दिवसभर चालणारा माणूस, इथं पायांची घडी घालून बसून राहायचा. त्यांची पँट सैल झाली होती, आणि आम्ही दोघंही ते वरणावर ढकलत होतो.

अशाच एका संध्याकाळी मी टेबलाशी बसले होते. कुकर फुसफुसला. मागे गादी सळसळली. बाबा उठले, फडकं घेतलं. आणि माझं काय झालं मला माहीत नाही, मी खुर्चीतून किंचाळले, "होऊ द्या ना एकदा शिट्टी!"

बाबांचा हात तिथंच थांबला. आणि कुकरनं जी शिट्टी मारली! इतक्या महिन्यांची कोंडलेली होती ती. समोरच्या खिडक्या उघडल्या. कुठंतरी एका मुलानं टाळी वाजवली. बाबा फडकं धरून तसेच उभे होते.

मग मी थांबलेच नाही. म्हटलं, डाळ कच्ची असते बाबा, पहिल्या दिवसापासून कच्ची आहे. म्हटलं, मला शांततेत अभ्यास होत नाही. तुम्ही मागं बसता, मला एक ओळ पुढं सरकता येत नाही. मी काय कपाशी आहे का? डुक्कर येणार आहे का मला खायला? बोलता बोलता मी रडायला लागले, आणि रडता रडता स्वतःचाच राग यायला लागला, कारण बाबांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तेवढ्यात आणखी एक शिट्टी झाली. बाबांनी गॅस बंद केला, गादीवर येऊन बसले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग मी इथं काय करू, माय?"

चिडून विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण ते खरंच विचारत होते. शेत सोडून, बायको सोडून, पोळ्या शिकून हा माणूस एका कामासाठी आला होता आणि ते काम नकोय, असं मी आत्ताच सांगितलं होतं. मी उठून ताटं वाढली. मला फार वाईट वाटलं. आम्ही जेवलो. डाळ लोण्यासारखी शिजली होती आणि दोघांनीही तिचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "भाजी आणतो." आणि गेले ते गेलेच. दुपार झाली तरी पत्ता नाही, फोन खोलीतच राहिलेला. शेवटी मी स्वतःच खिचडी टाकली, शिट्ट्या मोजल्या नाहीत. बाबा उन्हं कलताना उगवले. डोक्यात, कानात, शर्टाच्या कॉलरमध्ये भुस्सा. हातात भाजी नव्हती.

"कुठं होता?"

"मार्केट यार्डात," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "अगं काय ती आवक! सोयाबीनच्या राशीच राशी. आपल्या उमरीकडचा एक आडत्या भेटला. म्हणला, बसा. बसलो. मंग सौदा सुरू झाला, म्या उभा राहून बघितला. भाजी इसरलो बघ."

त्यानंतर बाबा रोज जाऊ लागले. आधी नुसते बसायचे, मग पोती लावायला हात लावायचे, मग शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या त्या आडत्याच्या वजनकाट्याजवळ त्यांची खुर्चीच झाली. दिवसभर सोयाबीनचे दाणे दाताखाली फोडून वाळलंय का ते बघायचं आणि त्यावर बाकीच्या शेतकऱ्यांशी हुज्जत घालायची, हा त्यांचा उद्योग. कुणाचं ऐकून नाही, कुणी ढकलून नाही, आपोआप. मी त्यांचं लक्ष इकडून तिकडे ओढायला काय काय केलं होतं, आणि ते गेलं एका सोयाबीनच्या राशीमागे. मला पुढे वाटत राहिलं की नुसतं 'बघू नका' म्हणून कुणाची नजर हटत नाही. तिला दुसरं काहीतरी बघायला लागतं. माझ्या 'एक गाडी ताशी'चंही तसंच होतं. खोलीत कुणी नाही म्हटल्यावर मला त्या गाडीचं खरंच काय झालं असेल याची जरा उत्सुकता वाटायला लागली.

आणि शिट्टीचं म्हणाल, तर दोन दिवसांनी उदगीरच्या काकू आल्या. मला वाटलं, आता भांडण. त्या दाराशी उभ्या राहिल्या, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडं शिट्टी झाली तवा माझं लेकरू हसलं. लई दिवसानं हसलं बघा. मीबी लावू का कुकर?" बाबा म्हणाले, "लावा की, मला कशाला इचारता?" त्या संध्याकाळी शेजारी शिट्टी झाली. मग समोर झाली. आठवड्याभरात सातच्या सुमाराला गल्लीत अशा शिट्ट्या सुरू व्हायच्या की रेल्वे स्टेशन परवडलं. कुणाचंच लेकरू त्यामुळे नापास झालं नाही.

रात्रीच्या जेवणाला आता गप्पा असायच्या. कोणत्या तालुक्याचा माल कसा आला, हमालात कुणाचं लग्न ठरलं, कोण शेतकरी पोत्यावर बसून भाकरी खाता खाता झोपला. मीही मग क्लासमधलं सांगायचे. पूर्वी बाबा दिवसभर माझ्याकडे बघायचे आणि आमच्याकडे एकमेकांना सांगायला काही नसायचं. आता दिवसभर दोघं दोन टोकांना आणि जेवताना वेळ पुरत नव्हता.

एकदा ते अंधार पडला तरी आले नाहीत. मी पुस्तक उघडून बसले होते आणि डोळे दाराकडे. जिन्यात पाऊल वाजलं की मान वर. एक पान पुढे गेलं नाही. ते आले तेव्हा मी असली चिडले! "काही फिकीर आहे का घरच्यांची?" मी ओरडले. बाबा चप्पल काढता काढता हसायला लागले. मला आधी कळेना हसतायत काय. मग मलाही हसू आलं.

एका रविवारी मार्कांचा मेसेज न उघडताच त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला. "क्लासात तुझाच नंबर देऊन टाक. मार्क तूच बघ. मला सांगावं वाटलं तर सांग, न्हाई तर ऱ्हाऊ दे." हे म्हणताना त्यांना सोपं गेलं नसणार, ते बोलताना मुद्दाम पोळीचं पीठ मळत होते. त्यानंतर त्यांनी टेस्टबद्दल एकदाही विचारलं नाही. मला मोकळं वाटलं. चांगले पडले की मी सांगायचे, वाईट पडले की सांगायचे नाही. मग हळूहळू वाईटही सांगायला लागले.

पुढच्या वर्षी बारावी झाली आणि डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं. मे महिन्यातली दुपार, रस्ता नुसता भाजत होता. शाळेच्या गेटवर आईबापांची जत्रा. कुणी ओल्या टॉवेलनं लेकराचं डोकं पुसत होतं, कुणी शेवटचं सूत्र विचारत होतं. आत सोडलं तरी सगळे गेटच्या गजांना धरून तिथंच उभे राहणार, हे दिसत होतं. बाबांनी माझी पाण्याची बाटली हातात दिली, म्हणाले, "जा माय," आणि वळून चालायला लागले. मी क्षणभर बघत राहिले. मग आत गेले.

पेपर सुटला. गेटबाहेर एकच कालवा. "कसा गेला? किती सोडवले? फिजिक्स अवघड होतं का?" मुलांना पाणी पाजायच्या आधी प्रश्न पाजत होते. त्या गर्दीत बाबा नव्हते. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली ते दिसले. खाली पेपर अंथरलेला, उशाला चपला आणि बाबा तोंड उघडं टाकून घोरत होते. आजूबाजूला एवढा गोंधळ, पण त्यांना पत्ता नव्हता.

मी त्यांच्याजवळ जाऊन खाली बसले. उठवलं नाही. त्यांच्या दाढीत पांढरं बरंच वाढलं होतं, मला ते तोवर दिसलं नव्हतं. उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. मी किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. मग त्यांनी डोळे उघडले, मला बघितलं आणि घाईनं उठून बसले.

"सुटला व्हय?"

"हाव."

"चल मंग, हदगावची बस गाठू."

बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी मला दिली. अर्धापूर आलं, केळीच्या बागा मागे पडल्या. बाबा काकांना फोन करून नांगरटीचं विचारत होते, मग शेजारच्या माणसाला हळदीचा भाव विचारला, मग कंडक्टरला त्याचं गाव विचारलं. मी वाट बघत होते. आता विचारतील, आत्ता विचारतील. ते आपले खिडकीतून लोकांची शेतं बघत होते. वारंगा फाटा मागे गेला आणि माझा धीर सुटला.

"बाबा, तुम्ही सगळ्या बसला सगळं विचारलं," मी म्हणाले, "मला विचारा की!"

ते माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुपारपासून किंवा त्याच्याही कितीतरी आधीपासून तिथं थोपवून धरलेलं होतं, हे मला तेव्हा दिसलं.

"कसा गेला, माय?" बाबांनी विचारलं.

मग मी पहिल्या प्रश्नापासून सांगायला लागले.